इंगवले सरांचा मन मोकळं करायचा तास

"गोल करून बसा," इंगवले सर म्हणाले आणि आम्ही एकमेकींकडं बघायला लागलो.

सर मैदानावर आम्हाला कधी बसवायचे नाहीत. खो-खोत पाटीवर बसायचं तेवढंच काय ते बसणं, एरवी मैदानाला फेऱ्या, मग उठाबशा, मग परत फेऱ्या. असे सर त्या दिवशी आमच्यासारखेच मांडी घालून मातीत बसले. पुण्याला प्रशिक्षकांचं शिबिर होतं, तिथून आदल्याच दिवशी परतले होते. डोक्यावर नवी टोपी, शिट्टीला नवी दोरी, आणि चेहरासुद्धा नवाच. म्हणजे मऊ.

"पोरींनो," सर म्हणाले, "आजपासून मी तुम्हाला नुसता खेळ शिकवणार नाही. मी तुमच्यापुढं माझं मन मोकळं करणार आहे."

माझ्या शेजारी शबाना मुल्ला बसली होती. ती माझ्या कानाशी लागली. "वैजू, कोण वारलं गं?"

कोणी वारलं नव्हतं. सरांनी घसा खाकरला आणि सुरुवात केली. "मी तुमच्याएवढा असताना जिल्ह्याची फायनल होती. शेवटची तुकडी. माझे दोन्ही सोबती बाद झाले आणि मी एकटा उरलो मैदानात. शिट्टी वाजायला आली होती. तेवढ्यात माझा पाय घसरला. बाद झालो. माझ्यामुळं संघ हरला. मी पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसलो. आईनं फडक्यात बांधून दिलेली भाकरी तशीच होती, ती मी सोडूनसुद्धा बघितली नाही. रडलो, पोरींनो. हा इंगवले रडला."

मग त्यांनी खिशातून रुमाल काढून डोळ्यांना लावला आणि डोळ्यांतून खरोखरच धार लागली. अलका तर लगेच मुसमुसायला लागली. ती तशी कशालाही मुसमुसायची, पण मलाही कसंनुसं झालं. एवढा मोठा माणूस, कोल्हापूर जिल्ह्यात ज्याच्या नावानं पोरी सरळ रांगेत उभ्या राहायच्या, तो आमच्यासमोर रडत होता.

घरी जाताना शबाना म्हणाली, "रुमालाला बामाचा वास येत होता."

"गप गं."

"आल्लाशप्पत. आमची नानी रोज कपाळाला चोळते. मला कळत न्हाई व्हय?"

तर अशी त्या तासाची सुरुवात झाली. रोज सरावाआधी गोल करून बसायचं आणि प्रत्येकीनं आपलं दुःख, आपली भीती, जे काही आत साठलं असेल ते बाहेर काढायचं. पुण्याच्या शिबिरात कोणी मोठे साहेब आले होते, त्यांनी म्हणे सांगितलं होतं की प्रशिक्षक उघडा झाला की खेळाडू उघडतात. शिवाय त्यांनी असंही सांगितलं होतं की मन मोकळं केलं की माणूस थकतं. म्हणून सरांनी नियम केला, की जी मोकळी होईल तिला त्या दिवशी फेऱ्या माफ.

आता हा नियम आमच्यासारख्या पोरींच्या हातात द्यायचा म्हणजे मांजराला दुधाच्या पातेल्याशेजारी राखणीला बसवण्यासारखंच होतं. दुसऱ्या दिवसापासून संघावर दुःखाचे डोंगर कोसळायला लागले. शबानाला रात्री विहिरीतून हाका ऐकू यायला लागल्या. अलकाच्या मनात बहिणीबद्दल असूया उत्पन्न झाली आणि ती दर मंगळवारी उफाळून यायला लागली. माझी शेळी मेली. आमच्याकडं शेळी कधीच नव्हती, वडील पोस्टात होते आणि आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. पण शेळी मेली आणि मी इतकी छान रडले की सरांनी मला पूर्ण सरावालाच सुट्टी दिली. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा मेली.

"परत?" सर म्हणाले.

"ही तिची भण होती सर."

"बरं. मोकळी हो बाळ."

आक्काताई मात्र यात कधी आली नाही. आक्काताई आमची कर्णधार, जिल्ह्यातली सगळ्यात चपळ पळणारी, आणि तोंडातून शब्द काढायचा म्हणजे तिच्या जिवावर यायचं. तिची पाळी आली की ती उठून उभी राहायची. "मला काय दुःख न्हाई सर. मी फेऱ्या मारून येतो." आणि जायची. आमच्याकडं पोरीसुद्धा मी आलो, मी गेलो असंच बोलतात.

त्या सगळ्या तासांत खरं बोलली ती एकटी मालन सुतार.

मालन आमची राखीव खेळाडू. सरावात तिला गाठणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. पण सामन्याच्या दिवशी ती पाण्याची बादली आणि टॉवेल घेऊन कडेला बसायची आणि तिथंच तिला बरं वाटायचं. तिची पाळी आली तेव्हा ती मातीत बोटानं रेघा ओढत म्हणाली, "सर, मला आत जायचं भ्या वाटतंय. दर मॅचला मी देवाला सांगतो, माझं नाव घेऊ देऊ नको म्हणून."

सर खूश झाले. "शाब्बास. मोकळी झालीस. टाळ्या."

आम्ही टाळ्या वाजवल्या आणि पाळी पुढं सरकली. टाळ्या संपल्यावर मालन जराशी मान वर करून इकडंतिकडं बघत होती, अजून काहीतरी होणार आहे असं तिला वाटलं असावं. पण पुढची पाळी माझी होती आणि मला शेळीची गडबड होती.

आता मी स्वतः शिट्टी गळ्यात घालून मैदानावर उभी असते. एखादी पोरगी काही बोलली की मला पहिल्यांदा मालनचा तो चेहरा आठवतो. तेव्हा मात्र मला त्यात काही दिसलं नाही.

जिल्हा स्पर्धा गारगोटीला होत्या. आमच्या हेडमास्तरांनी निघतानाच बजावलं होतं, की यंदा जिल्हा जिंकला नाही तर संध्याकाळचं मैदान मुलांच्या व्हॉलीबॉलला मिळेल. म्हणजे खो-खो संपलाच म्हणायचा. त्यात आमच्या तीन राखीव मुलींपैकी दोघी सख्ख्या बहिणी होत्या आणि त्या मामाच्या लग्नाला निघून गेल्या होत्या. राहिली मालन. तिनं एसटीत बसल्यापासून देवाचा धावा सुरू केला होता.

सकाळी आम्ही उपांत्य सामना जिंकला आणि दुपारी लिंबाच्या झाडाखाली डबे उघडून बसलो. तिथं शिरगुप्पे म्हणून एक पंच येऊन टेकले. पोट सुटलेले, हसरे, आणि बोलायची हौस असलेले गृहस्थ. शबानानं त्यांना चटणी-भाकरी दिली आणि ते खुलले.

"आम्ही पण खेळलोय बरं का पोरींनो," ते म्हणाले. "जिल्ह्याची फायनल. शेवटची तुकडी. दोघं बाद झाले आणि मी एकटा उरलो मैदानात."

शबानाचा घास हातातच राहिला.

"शिट्टी वाजायला आली होती. आणि पाय घसरला. संघ हरला माझ्यामुळं. मग काय, टाकीमागं जाऊन बसलो. आईनं फडक्यात बांधून दिलेली भाकरी, ती बी सोडली न्हाई." त्यांनी आमच्या भाकरीचा तुकडा मोडला. "म्हणजे नंतर खाल्ली. भूक लागलीच की."

मी शक्य तितका साधा चेहरा केला. "सर, आमचे इंगवले सर तुमच्याच संघात होते ना?"

"बंडा? होता की. राखीव. बादली, टॉवेल, सगळं त्याच्याकडं. लई गुणी पोरगं."

ते गेले आणि आम्ही एकमेकींच्या अंगावर पडून हसलो. अलकाला ठसका लागला. बाम, विहीर, शेळी, सगळं एका बाजूला आणि हे एका बाजूला. आमच्या सरांनी रडायला गोष्टसुद्धा उसनी आणली होती. परतीच्या एसटीत सरांना ही गोष्ट पुन्हा सांगायला लावायची आणि ऐन रंगात आली की आपण सगळ्यांनी एका सुरात पुढची वाक्यं म्हणायची, असं आमचं ठरलं. हसली नाही ती फक्त मालन. ती बादली भरायला गेली.

अंतिम सामना चुरशीचा झाला. शेवटची पाळी उरली तेव्हा हिशेब सोपा होता. समोरच्या मुली पाठलाग करणार, आम्ही पळणार, आणि आमच्या नवापैकी आठ जणी बाद झाल्या तर त्या जिंकणार. तुकडी तिघींची. म्हणजे पहिल्या दोन तुकड्या सगळ्या गेल्या तरी चालेल, पण शेवटच्या तिघींपैकी दोघींनी शिट्टीपर्यंत टिकायलाच हवं. शेवटच्या तुकडीत आक्काताई, शबाना आणि मी. आणि त्याआधीच्या पाळीत, आम्ही पाठलाग करत असताना, शबानानं खांबाजवळ सूर मारला, तो पायावरच पडला. दोघींनी उचलून तिला बाहेर आणली. घोटा बघता बघता सुजला.

सरांनी मान वळवली. "मालन."

मालन बादलीमागं वाकून बसली होती आणि पायाला घाईघाईनं क्रेपची पट्टी गुंडाळत होती. "सर, माझा पण पाय मुरगळलाय."

"कधी?"

"मगाशी."

"बसल्या बसल्या?"

मालन पट्टी गुंडाळत राहिली. गुणलेखक टेबलावरून ओरडला, "इंगवले, नावं द्या." आठच जणी उतरलो असतो तर समोरच्यांना एक गडी फुकटच मिळणार होता, आणि तेवढ्यावर सामना जाणार हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

सर तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. पुण्याहून आणलेला मऊ चेहरा त्यांनी लावला. "मालन, बाळ, ऐक. मी तुझ्याएवढा असताना जिल्ह्याची फायनल होती. शेवटची तुकडी. माझे दोन्ही सोबती बाद झाले आणि मी एकटा..."

"सर," मी म्हटलं, "ही शिरगुप्पे सरांची हाय."

एसटीपर्यंत थांबायचं ठरलं होतं, पण माझ्याच्यानं राहवलं नाही.

"काय?"

"ही गोष्ट. त्यांनी दुपारी सांगितली आम्हाला. भाकरीसकट."

शबाना सुजलेला पाय धरून कळवळत होती, तरी तिला हसू फुटलं. मला वाटलं, आता सर उठतील आणि माझ्या कानाखाली जाळ काढतील. मी एक पाऊल मागंही सरकले. पण सर उठले नाहीत. ते गुडघ्यावरून खाली मातीत बसले आणि टोपी काढून तिच्याकडं बघत राहिले. चेहऱ्यावर आता काहीच लावलेलं नव्हतं. न ओरडणारा, न रडणारा, असा त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच बघत होते.

"माझी गोष्ट येगळी हाय," ते म्हणाले. आवाज इतका बारीक की आम्हाला वाकावं लागलं. "सांगण्यासारखी न्हाई ती."

"सांगा की," आक्काताई म्हणाली. ती बोलली म्हणून आम्ही सगळ्याच चमकलो.

"त्याच फायनलला आमचा एक गडी पडला. सरांनी माझं नाव घेतलं. मी गुडघ्याला पट्टी बांधली आणि म्हटलं, सर, गुडघा गेलाय. गुडघ्याला काय सुद्धा झालं नव्हतं. कुठल्या गुडघ्याला बांधली ते पण आता आठवत न्हाई." त्यांनी दोन्ही गुडघ्यांकडं एकदा बघितलं. "आठ जणांवर खेळले ते. शिरग्या एकटा राहिला आणि पडला. टाकीमागं रडत बसला, तवा मी त्याला पाणी घेऊन गेलो. तर मला म्हणतो, बंडा, गुडघा कसा हाय रे."

कोणी हसलं नाही. शबानासुद्धा नाही.

"त्यानंतर माझं नाव कुणी घेतलंच न्हाई. मी कधी आत गेलोच न्हाई, पोरींनो. सराव लई केला. मॅच एक बी न्हाई."

खरं सांगते, मला त्या वेळी सरांची कीव आली नाही. त्या महिन्याभरात त्यांनी इतकं मन मोकळं केलं होतं आणि मला ते एकदाही आवडले नव्हते. त्या क्षणी मात्र ते मला एकदम आवडले. जिवाभावाचे वाटले.

मालनचे हात पट्टीवर थांबले होते. "मग मी काय करू सर?"

"मी काय सांगू? आत काय होतं ते मलाच ठाऊक न्हाई." सर उठून उभे राहिले आणि विजारीची माती झटकली. "तुला जायचं नसंल तर नको जाऊ. मी आठ नावं देतो. पाय मुरगळलाय म्हणून सांगतो. कुणी काय म्हणणार न्हाई तुला, मी बघतो."

"कुठला पाय सांगणार?"

"ज्याला पट्टी हाय तो."

मालननं आपल्या पायाकडं बघितलं. मग तिनं पट्टी सोडायला सुरुवात केली. अर्धी गाठ बसली होती, ती दातानं सोडवली. सगळी पट्टी नीट गुंडाळून तिनं शबानाच्या हातात दिली. "घे. तुला खरंच लागलंय."

आणि टेबलाकडं जाऊन तिनं स्वतःच नाव सांगितलं. गुणलेखकाला दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा तिच्या तोंडातून आवाजच आला नाही.

आमच्या पहिल्या दोन तुकड्या भराभर गेल्या. समोरच्या मुली पेटल्या होत्या. आम्ही तिघी आत आलो तेव्हा बराच वेळ बाकी होता आणि सर कडेवरून नेहमीसारखे घसा फोडून ओरडत होते. उजवीकडं, खांब धर, मागं बघ, असलं काहीतरी. मालन मैदानाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. अशी उभी राहणारी पळती मी आजवर बघितलेली नाही. पाय रोवलेले, डोळे विस्फारलेले. पहिली मुलगी तिच्यावर आली आणि मी मनात म्हटलं, गेली.

पण ती गेली नाही. भ्यालेलं माणूस कसं पळेल याचा कुणालाच अंदाज नसतो. मालन जिकडं कोणी जाणार नाही तिकडं जात होती. मधूनच उलटी फिरायची, मधूनच थांबायची, एकदा तर पाठलाग करणाऱ्या पोरीच्याच अंगावर धावून गेली आणि ती पोरगी दचकून बाजूला झाली. खोवर खो बसत होते आणि समोरची साखळी विस्कटत चालली होती. त्यांना आक्काताईचा खेळ पाठ होता, माझाही होता. मालनचा खेळ पाठ असायला आधी कुणी तो बघितलेला असावा लागतो. आक्काताईनं आणि मी तेवढ्यात दम खाऊन घेतला.

शेवटी ती सापडली. खांबाला वळसा घालताना एका उंच मुलीनं पूर्ण सूर मारून तिच्या टाचेला बोट लावलं. मालन बाद झाली आणि चालत बाहेर गेली. आता आम्हा दोघींपैकी एक जरी गेली असती तरी खेळ संपला असता. मला त्या पुढच्या वेळातलं एवढंच आठवतं की आक्काताईची वेणी सतत माझ्यासमोर कुठंतरी हलत होती आणि ती दिसतेय तोवर सगळं ठीक आहे असं मी स्वतःला सांगत होते. मग शिट्टी वाजली.

आरडाओरडा झाला, अलका रडली, शबाना एका पायावर नाचली आणि पुन्हा खाली बसली. शिरगुप्पे पंच येऊन सरांच्या पाठीत थाप मारून गेले. या सगळ्यात मालन आपल्या नेहमीच्या जागी, बादलीशेजारी बसली होती. दोन्ही गुडघे खरचटलेले, तोंडाला माती, आणि बादलीतलं पाणी ती ओंजळीनं स्वतःच पीत होती.

सर तिच्याजवळ गेले. आम्हाला वाटलं, आता पाठ थोपटणार, भाषण करणार. मी आणि आक्काताई मागोमाग गेलो. सर तिच्या शेजारी उकिडवे बसले, आजूबाजूला कोणी मोठं माणूस ऐकत नाही ना हे त्यांनी बघून घेतलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "मालन, आत कसं असतं गं?"

मालननं विचार केला. ओठांवरचं पाणी मनगटानं पुसलं.

"शांत असतंय सर."

"शांत?"

"व्हय. भायेरचं काय ऐकूच येत न्हाई."

सर तिच्याकडं बघत राहिले. मग आमच्याकडं बघितलं. "म्हणजे मी ओरडतो ते?"

मालन माझ्याकडं बघायला लागली, मी आक्काताईकडं. कर्णधार तीच होती, तेव्हा उत्तरही तिनंच द्यायला हवं होतं.

"कधीच ऐकू येत न्हाई सर," आक्काताई म्हणाली. "कुणालाच."

"आणि इतकी वर्षं मला कुणी सांगितलं न्हाई?"

आक्काताईनं खांदे उडवले. "आम्हाला वाटलं तुम्ही आत जाऊन आलायसा. म्हटलं, तुम्हाला ठाऊक असंल."